पिसवेचे वेळापत्रक

मलकापुरातून वाहणारी नळगंगा पूर्णेला मिळते, पूर्णा चांगदेवजवळ तापीला मिळते आणि तापी सुरतेजवळ समुद्राला. आपल्या गावावर पडलेला पाऊस असा सुरतेपर्यंत जातो. सप्टेंबर १९९४ मध्ये मात्र सुरतेहून उलट दिशेने, रेल्वेने, आमच्याकडे भीती आली. तिथे फुप्फुसाचा प्लेग पसरल्याची बातमी फुटली आणि थोड्याच दिवसांत लाखो माणसांनी शहर सोडले. तिथल्या यंत्रमागांवर राबणारे कितीतरी लोक खानदेश-वऱ्हाडचे. सुरतेची गाडी भुसावळला येते आणि भुसावळहून मलकापूर तासाभरावर. आम्ही तेव्हा शाळेत शिकत होतो. तोंडाला रुमाल बांधून फिरणारी माणसे, टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल मिळतात का म्हणून औषधाच्या दुकानापुढे उभे असलेले लोक आणि सुरतेहून आलेल्या नातलगाला घरात घ्यायचे की नाही यावरून मोहल्ल्यात चाललेली कुजबुज अजून आठवते.

सुरतेत पन्नासच्या वर माणसे दगावली. त्याआधी महिनाभर, ऑगस्टमध्ये, आपल्याच राज्यात बीड जिल्ह्यातील मामला या गावात गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण सापडले होते. त्या गावात आधी पिसवांचा उपद्रव सुरू झाला, उंदीर मरू लागले आणि मग माणसांना ताप येऊन गाठी उठल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर मराठवाड्यात पडकी घरे आणि उघडे पडलेले धान्य यांमुळे उंदीर वाढले असावेत, असे तेव्हा अनेक तज्ज्ञांनी मांडले. सुरतेला त्या वर्षी तापीचा पूर येऊन गेला होता.

दोन्ही ठिकाणी दिवस पावसाळ्याच्या उत्तरार्धाचे होते. एप्रिल-मेमध्ये हे का झाले नाही? विज्ञानाच्या तासाला आम्ही हा प्रश्न मुलांना घालतो. बहुतेक मुले म्हणतात, ‘पावसाळ्यात घाण होते म्हणून.’ उत्तर अगदीच चुकीचे नाही, पण घाण तर मे महिन्यातही असते. खरे उत्तर एका दोन-अडीच मिलिमीटरच्या किड्याच्या पोटात आहे.

पिसवेचे पोट आणि हवेची तहान

प्लेगचा जंतू अलेक्झांद्र येर्सँ या शास्त्रज्ञाने १८९४ मध्ये हाँगकाँगमध्ये शोधला. पण तो उंदराकडून माणसाकडे कसा येतो, हे कोणाला कळेना. कोणी म्हणे जमिनीतून वाफ येते, कोणी म्हणे धान्यातून, कोणी म्हणे अनवाणी पायांच्या जखमांतून. १८९८ च्या जूनमध्ये पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत एक साधा प्रयोग केला. काचेच्या मोठ्या बरणीत पिसवा असलेला आजारी उंदीर ठेवला आणि जाळीपलीकडे निरोगी उंदीर. दोघांचा एकमेकांना स्पर्श होत नव्हता, पिसू मात्र जाळीतून उडी मारू शकत होती. आजारी उंदीर मेला आणि काही दिवसांनी दुसराही प्लेगनेच मेला. एवढे होऊनही सिमाँवर कित्येक वर्षे कोणी विश्वास ठेवला नाही. सरकारने नेमलेल्या प्लेग आयोगाने त्याचे म्हणणे बाजूला सारले.

१९०५ मध्ये नवीन संशोधन मंडळ नेमले गेले आणि मुंबईत परळच्या प्रयोगशाळेने (आजची हाफकिन संस्था) हा विषय पुन्हा हाती घेतला. त्यांनी प्लेगच्या पिसवा असलेल्या खोल्यांत गिनीपिग पिंजऱ्यात घालून टांगले. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातले प्राणी प्लेगने मेले, दोन फुटांवर टांगलेल्यांतले वाचले, कारण पिसवेची उडी काही इंचांपलीकडे जात नाही. जमिनीवर सतरंजी टाकून झोपण्यापेक्षा बाजेवर झोपणे का बरे, हे त्या पिंजऱ्यांवरून मुलांना चटकन समजते.

आता पोटाचे. १९१४ मध्ये बॅकट आणि मार्टिन या दोन संशोधकांनी दाखवले की प्लेगचे जंतू पिसवेच्या पोटाच्या तोंडाशी चिकट गोळा करून बसतात. नळीत बोळा अडकावा तसे होते. पिसू रक्त ओढते, ते पोटात जात नाही, तिची भूक भागत नाही. मग ती पुन्हा पुन्हा चावते, आणि आत न गेलेले रक्त जंतूंसकट परत चावलेल्या जागी ओकते. माणसाला रोग होतो तो या उपाशी पिसवेमुळे. हा बोळा थंड-मध्यम हवेत चांगला बसतो. हवा साधारण २८ अंशांच्या वर गेली की तो नीट जमत नाही. पिसू जगते, चावतेही, पण रोग पसरवण्याची तिची ताकद घटते.

दुसरी गोष्ट तिच्या पिलांची. पिसवेची अळी उंदराच्या अंगावर राहत नाही. ती बिळातल्या धुळीत, पोत्यांच्या तळाशी, जमिनीच्या भेगांत असते. तिला अंगातले पाणी राखता येत नाही. आम्ही मुलांना सांगतो, ओली ओढणी दोरीवर टाकली तर मुंबईत पावसाळ्यात ती दिवसभर दमट राहते आणि मलकापुरात मे महिन्यात पाव तासात कडकडीत वाळते. हवेला जेवढी तहान, तेवढ्या लवकर ओढणी वाळते. पिसवेच्या अळीचेही तसेच आहे. १९१७ मध्ये ब्रूक्स या अधिकाऱ्याने भारतातील प्लेगच्या नोंदी हवामानाशी ताडून पाहिल्या. सरासरी तापमान ८० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे २७ सेल्सिअसच्या वर गेले आणि जोडीला हवा कोरडी असली की साथ टिकत नाही, असे त्याला दिसले. पुढे १९२८ मध्ये सर लिओनार्ड रॉजर्स यांनी तर हवेतील दमटपणा पाहून पुढच्या वर्षीच्या साथीचा अंदाज बांधता येईल, असा प्रबंधच लिहिला.

मलकापूरला हा हिशोब लावून पाहा. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४४ अंशांवर जातो आणि हवेची तहान अशी की ओठ फुटतात. त्या दिवसांत पिसवेची अळी वाळून मरते. जुलैत पाऊस स्थिरावला की हवा मऊ होते. तेव्हापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ तिच्या सोयीचा. नेमक्या याच काळात आपल्याकडे मका, ज्वारी, तूर, कापूस घरात येतो आणि त्यामागे उंदीर येतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कापसाच्या गाठी आणि धान्याची पोती घेऊन रेल्वे मुंबईकडे जायची आणि रिकामी पोती परत यायची, तो हंगामही हाच. पिसवेला याहून सोयीचे काय हवे?

उन्हाळ्यात ती पूर्णपणे नाहीशी मात्र होत नाही. उंदराच्या खोल बिळात बाहेरची झळ पोहोचत नाही, तिथे गारवा आणि ओल टिकते. (आमच्या मनात कधी येते की कूलर लावून आपण घराचाच एक कोपरा तसा करतो. कूलरमागच्या ओलसर भिंतीलगत काय काय साठले आहे, ते एकदा सगळ्यांनी बघावे.)

मार्च महिन्यातल्या तारखा

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा भाग. तिथून पुढची वीस-बावीस वर्षे भारतात प्लेगने सुमारे एक कोटी माणसे नेली. मुंबईतील साथीचा आलेख दरवर्षी जवळपास सारखा असे. डिसेंबरपासून चढायला लागायचा, फेब्रुवारी ते एप्रिल शिखर गाठायचा, मे महिन्याच्या उकाड्यात कोसळायचा. किनाऱ्यावर मार्चपर्यंत हवा फार तापलेली नसते आणि दमट असते, म्हणून. पुणे, साताऱ्याकडे, घाटावर, साथ पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि हिवाळ्यात जोर धरायची, पंजाबात मार्च-एप्रिलमध्ये. एकच जंतू, एकच पिसू, पण प्रत्येक प्रांताचे वेळापत्रक वेगळे.

हा आलेख मनात ठेवून काही तारखा पाहिल्या की इतिहास वेगळा दिसतो. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता प्लेगनेच वारल्या, ती तारीख १० मार्च १८९७. मुंबईत प्लेगच्या तपासणीवरून मदनपुऱ्याकडे दंगल उसळली, ती तारीख ९ मार्च १८९८. दोन्ही दिवस साथीच्या शिखराचे.

या दुसऱ्या तारखेबद्दल आपल्या घरांत फारसे बोलले जात नाही. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. घरोघर झडती, रुग्णाला उचलून इस्पितळात नेणे, सामान जाळणे, रेल्वे स्थानकांवर प्रवाशांना रांगेत उभे करून तपासणे, असे सर्व काही सुरू झाले. त्या वर्षी मुंबईहून हजला जाणारी जहाजेही बंद झाली. प्लेगची गाठ येते जांघेत, काखेत, मानेत. म्हणजे तपासणी करणाऱ्याला स्त्रियांच्या काखा आणि जांघा बघायच्या होत्या, आणि तपासणारे पुरुष होते, अनेकदा गोरे सोल्जर. हिंदू-मुसलमान सगळेच यामुळे पेटले. पुण्यात २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली ती याच संतापातून. मुंबईत रिपन रोडवर एका जुलाहा, म्हणजे मोमीन विणकर, कुटुंबातील आजारी मुलीला बघायला पथक आले. घरच्यांनी नकार दिला, गर्दी जमली, दगडफेक झाली, गोळीबार झाला. दोन्ही बाजूंची माणसे मारली गेली. त्यानंतर सरकारने सक्ती हळूहळू सैल केली, जमातींना आपापली इस्पितळे चालवायला मोकळीक दिली, स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर ठेवल्या जाऊ लागल्या.

आम्हाला त्या घरातल्यांचा राग समजतो. त्याचबरोबर एक गोष्ट नाकारता येत नाही. त्या भीतीपोटी मुंबईत आणि मुंबईबाहेर असंख्य घरांनी रुग्ण लपवले. मागच्या खोलीत, धान्याच्या पोत्यांआड. जिथे पिसवा सगळ्यात जास्त, तिथेच. राजिंदरसिंह बेदींची ‘क्वारंटीन’ ही उर्दू कथा याच भीतीवर आहे. त्या कथेतल्या लोकांना प्लेगपेक्षा क्वारंटीनची धास्ती अधिक वाटते. नववी-दहावीच्या उर्दूच्या मुलांना ती जरूर वाचायला द्यावी.

लोकांचा विश्वास जबरदस्तीने मिळत नाही हे काहींना तेव्हाच कळले होते. वाल्देमार हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये प्लेगची लस पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. तरुण आगाखान तिसरे यांनी आपल्या खोजा अनुयायांसमोर जाहीरपणे ती लस घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपली जागाही दिली. त्यांच्या जमातीत लस घेणारे मोठ्या संख्येने पुढे आले. तिथे कोणी झडती घेतली नव्हती.

उंच जागेचा हुकूम

‘ताऊन’ या शब्दाशी आपले नाते जुने आहे. जिथे ताऊन आहे तिथे जाऊ नये आणि आपण असू तिथे तो आला तर पळून बाहेर पडू नये, या आशयाची प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. कोरोनाच्या काळात ती किती वेळा ऐकली असेल, त्याची गणती नाही. हजरत उमर (रजि.) शामच्या वाटेवर होते, सर्ग या ठिकाणी त्यांना साथीची खबर मिळाली, सल्लामसलत करून ते मदिनेला परतले. अल्लाहने ठरवलेल्यापासून पळता का, असे हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले. उमर (रजि.) यांच्या उत्तराचा भाव असा होता की एका ठरवलेल्याकडून दुसऱ्या ठरवलेल्याकडेच आपण जातो आहोत. ही कहाणी सर्वांना माहीत आहे.

तिचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. इतिहासकारांनी नोंदवले आहे की उमर (रजि.) यांनी नंतर अबू उबैदा (रजि.) यांना पत्र पाठवून कळवले की तुम्ही लोकांना सखल, दमट जमिनीवर ठेवले आहे, त्यांना उंच आणि स्वच्छ हवेच्या जागी न्या. हुकूम आला, पण निघता निघता अबू उबैदा (रजि.) स्वतःच अमवासच्या त्या ताऊनमध्ये वारले. त्यांच्यामागून मुआज बिन जबल (रजि.) गेले. मग अम्र बिन आस (रजि.) यांनी लोकांना डोंगरांवर पांगवले आणि साथ ओसरली. जंतू, पिसू, उंदीर यांतले काहीच ठाऊक नसताना, जागेचा आणि हवेचा साथीशी संबंध आहे हे त्यांनी ओळखले होते. जागा सोडून पळणे वेगळे आणि सगळ्यांना बरोबर घेऊन चांगल्या हवेत जाणे वेगळे, हा फरकही त्यांच्या वागण्यात दिसतो.

आपल्याकडच्या खेडोपाडीच्या म्हाताऱ्या माणसांनीही प्लेगच्या सालांत हेच केले. उंदीर पडू लागले की गाव मोकळे करायचे आणि शेतात, माळावर झोपड्या घालून राहायचे. घराचे छप्पर उघडून उन्हे आत घ्यायची. पिसू तापते, वाळते, उपाशी राहते, हे शास्त्र त्यांना कोणी शिकवले नव्हते.

आजचा ताप

आता कोणी विचारेल, प्लेग गेला, मग हे सारे कशासाठी? पूर्णपणे गेलेला नाही. २००२ मध्ये हिमाचल प्रदेशात आणि २००४ मध्ये उत्तराखंडच्या एका गावात तो पुन्हा दिसला. मादागास्करमध्ये तो दरवर्षी येतो, आणि २०१७ मध्ये तिथे दोन हजारांवर रुग्ण आणि दोनशेवर मृत्यू झाले. मात्र आता त्यावर औषध आहे. वेळेवर मिळाले तर बहुतेक रुग्ण वाचतात.

आम्हाला काळजी दुसऱ्या तापांची वाटते. प्लेग वाहणारी उंदराची तीच पिसू एक प्रकारचा टायफस तापही वाहते, आणि तो भारतात आहे. शिवाय पावसाळ्यानंतर झुडपांत, गवतात, बांधावर वाढणाऱ्या बारीक किड्यांच्या अळीमुळे होणारा स्क्रब टायफस आहे. ही अळी डोळ्यांना जेमतेम दिसते. २०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नागपूर भागात या तापाने बरेच बळी घेतले, तेव्हा विदर्भात त्याचे नाव प्रथमच घरोघर पोहोचले. त्याचेही वेळापत्रक पिसवेसारखेच आहे, ऑगस्ट ते नोव्हेंबर. गवत कापणे, निंदण, सोयाबीनची सोंगणी, कापसाची वेचणी, जनावरांना चारा आणणे, सगळे याच दिवसांत. शेतात जाणाऱ्या हातांत बायकांचे हात जास्त.

अळी चावल्यावर साधारण दहा दिवसांनी ताप येतो, डोके भयंकर दुखते, अंग मोडून येते. डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड यांचाही ताप असाच, म्हणून ओळखणे अवघड. एक खूण मात्र अनेकांच्या अंगावर असते. चावलेल्या जागी सिगारेटचा चटका बसावा तशी काळी खपली. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून रुग्णाचे लक्षच जात नाही. ती असते कुठे? काखेत, जांघेत, छातीखाली, कमरेला नाडीच्या जागी. म्हणजे १८९८ साली ज्या जागांवरून दंगल झाली, त्याच जागा.

आमच्या ओळखीच्या एका घरात असे झाले. कापूस वेचायला जाणाऱ्या एका बाईला आठवडाभर ताप होता. आधी मेडिकलवरून गोळ्या, मग एका दवाखान्यात सलाइन, मग आणखी गोळ्या. तालुक्याबाहेरच्या दवाखान्यात एका स्त्री डॉक्टरने पडद्याआड नीट तपासले तेव्हा काखेत खपली सापडली. ‘अगोदर का नाही दाखवलीस?’ असे डॉक्टरने विचारल्यावर ती म्हणाली, ‘कोणी विचारलंच नाही, आणि मी तरी कशी सांगू?’ वेळ अगदी गेलेली नव्हती. योग्य औषध सुरू झाल्यावर दोन दिवसांत ताप उतरला. या आजारावरचे नेहमीचे औषध म्हणजे डॉक्सिसायक्लिन, जुने आणि स्वस्त. गरोदर बायकांना दुसरे देतात, ते डॉक्टर ठरवतील. उपचार न झाल्यास मात्र मूत्रपिंड, फुप्फुस, मेंदू यांवर परिणाम होऊन माणूस दगावू शकतो.

पडदा हा आपल्या घरांचा विषय आहे आणि तो कसा पाळायचा ते घर ठरवेल. पण आईने मुलीची, सुनेने सासूची, बहिणीने बहिणीची काख-जांघ बघायला तर कुठल्याच पडद्याची आडकाठी नाही. ऑगस्ट ते नोव्हेंबर या दिवसांत तीन दिवसांहून अधिक ताप राहिला तर घरातल्याच बाईने दिव्याच्या उजेडात अंग नीट बघावे. खपली असो, गाठ असो, जे दिसेल ते डॉक्टरांना तोंडाने सांगावे. ‘ही शेतात जाते, गवतात बसते’ हेही सांगावे. पुरुषांनी दवाखान्याच्या दारात बायकोच्या वतीने सगळे बोलण्यापेक्षा तिला बोलू द्यावे. उपजिल्हा रुग्णालयात स्त्री डॉक्टर किंवा नर्स हवी असे मागण्यात काहीच गैर नाही. मुंबईच्या त्या लोकांना जे दंगलीनंतर मिळाले, ते आपल्याला नुसते मागून मिळू शकते.

हवामान बदलते आहे त्याचे काय, हे मुले विचारतात. जग तापले की प्लेग वाढेल, इतके ते सोपे नाही. कझाकस्तानच्या थंड गवताळ प्रदेशात वसंत ऋतूचे तापमान एक अंशाने वाढले तर तिथल्या रानउंदरांतील प्लेग निम्म्याहून अधिक वाढतो, असे २००६ च्या एका अभ्यासात दिसले. आपल्याकडे गोष्ट उलटी असू शकते. आधीच तापलेल्या मलकापुरात आणखी तापल्यास पिसवेचा उन्हाळा आणखी कठीण होईल. आपल्याकडे बदलतात त्या ऋतूंच्या कडा. पाऊस ऑक्टोबरात रेंगाळतो, नोव्हेंबरात अवकाळी येतो, वेचणीला आलेला कापूस भिजतो, गवत हिरवे राहते. २०२३ च्या जुलैत आपल्याच जिल्ह्यात संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत आभाळ फाटल्यासारखा पाऊस झाला. पूर आला की बिळांतले उंदीर घरांच्या वळचणीला येतात. किड्यांच्या सोयीचे दिवस असे मागेपुढे सरकतात, आणि ‘आता थंडी आली, आता तो ताप कुठला’ हा आपला जुना अंदाज चुकू लागतो.

घरापुरते काय करायचे, ते फार अवघड नाही. भाव मिळेपर्यंत कापूस घरातच भरून ठेवायची वेळ अनेकांवर येते. तो निदान झोपायच्या खोलीत नसावा, आणि त्याला लागून लहान मुलांचे अंथरूण तर मुळीच नसावे. धान्याची पोती जमिनीवर न ठेवता पाट किंवा फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत. मागे झाडू फिरला पाहिजे. गवतात बसायचे तर पोत्यावर किंवा चादरीवर बसावे, बाही लांब असावी, घरी आल्यावर कपडे बदलून अंग घासून आंघोळ करावी. ते कपडे अंथरुणावर टाकू नयेत.

उंदरांच्या औषधाची एक गोष्ट मात्र बहुतेक घरांत उलटी होते. उंदीर फार झाले की लोक एकाच रात्री सगळीकडे विषारी गोळ्या टाकतात. उंदीर मरतो, त्याचे अंग थंड पडते आणि त्याच्या पिसवा नवे ऊबदार अंग शोधू लागतात. जवळ कोणी नसले तर माणसाकडे येतात. म्हणून कुठेही एकदम उंदीर मरू लागले असतील तर आधी बिळांभोवती पिसवांवर फवारणी आणि मगच उंदरांचा बंदोबस्त, हा क्रम आरोग्य विभाग पाळतो. न मारता आपोआप पाच-सहा उंदीर मेलेले दिसले तर ते हाताने उचलून उकिरड्यावर फेकू नयेत. नगरपालिकेला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे. अगदीच उचलावे लागले तर लांब चिमट्याने उचलून पिशवीत बांधावे. उचलायचे काम घरातल्या लहान पोराला सांगू नये, आपल्याकडे नेमके तेच होते.

आमच्या वर्गात यंदा मुलींनी भिंतीवर बारा महिन्यांचा तक्ता केला आहे. मलकापूरचे तापमान लाल रंगात, पाऊस निळ्यात, कापूस आणि मक्याचे दिवस पिवळ्यात. ऑगस्ट ते नोव्हेंबरच्या रकान्यांत त्यांनी एक छोटी पिसू काढली आहे, पाय थोडे जास्तच झाले आहेत. तिच्याखाली एका मुलीने उर्दूत लिहिले आहे, ‘बुखार आए तो अम्मी को दिखाओ’. आम्ही ते पुसायला सांगितले नाही.